दार फुगलं की बसलं?

श्रावण लागला की घाटंजीत किती तरी घरांची दारं खांदा लावून लोटावी लागतात. दार वरच्या कोपऱ्यात अडतं, खाली फरशीला घासतं, कडी कोयंड्यापर्यंत पोचतच नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "पावसानं फुगलं, दिवाळीपर्यंत होईल ठीक." आम्हीही असंच म्हणत तीन पावसाळे काढले. चौथ्या वर्षी वाढईकाकांना बोलावलं. विदर्भात सुताराला वाढई म्हणतात. काकांनी पिशवी खाली ठेवली, दार अर्धं उघडलं, कडीच्या बाजूनं दोन्ही हातांनी धरलं आणि वर उचलून पाहिलं. दार चांगलं दोन सूत वर गेलं आणि सोडल्याबरोबर खट्कन खाली आलं.

"दार फुगलं नाही भाऊ," ते म्हणाले, "बसलं हाये. रंधा मारून घेतला असता तं उन्हाळ्यात एवढी फट पडली असती."

आणि दोन बोटं उभी करून त्यांनी फट दाखवली. त्या दिवशी रंधा पिशवीतून बाहेर निघालाच नाही. अर्ध्या तासात दार एका बोटानं लागायला लागलं. ते दार उचलून पाहायला त्यांना जे पाच सेकंद लागले, त्या पाच सेकंदांबद्दल मला या प्रकरणात सांगायचं आहे. घरातल्या लाकडाच्या बारीकसारीक दुरुस्त्या बिघडतात त्या बहुतेक वेळा हात कच्चा असतो म्हणून नाही, दुखणं न ओळखता औषध केलं जातं म्हणून.

आधी फुगण्याचं समजून घेऊ, कारण लाकूड फुगतं हे खरंच आहे. झाडाच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या उभ्या असतात. ज्वारीच्या धांड्यांची पेंडी घट्ट बांधून ठेवली तर जशी दिसेल, तशी लाकडाची आतली रचना असते. पेंडी पावसात भिजली की एकेक धांडा जाड होतो, लांब होत नाही. लाकडाचंही तसंच. झाड कापून, वाळवून, पॉलिश लावून दार केलं तरी हवेतली वाफ आत घेणं आणि बाहेर टाकणं ते सोडत नाही. घाटंजीसारख्या गावात मे महिन्यात पारा 44 अंशांपर्यंत चढतो, दुपारची हवा भाजून काढते. तेव्हा लाकडातलं पाणी वजनाच्या साधारण सहा-सात टक्क्यांवर येतं. मग जून ते सप्टेंबर वर्षभराचा बहुतेक पाऊस पडून जातो आणि तेच लाकूड पंधरा टक्क्यांच्या पुढे जातं. ही ये-जा दरवर्षी होते, दार पन्नास वर्षांचं असलं तरी होते.

यात सागवानाचा मोठेपणा असा की ते इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलतं. ओलं सागवान पूर्ण सुकेपर्यंत वर्तुळांच्या दिशेनं पाच टक्क्यांच्या आसपास आकसतं, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मंच, आणि लांबीत तर नावापुरतं. यवतमाळ जिल्ह्याला सागाचं वन लाभलं आहे. घाटंजी आणि पांढरकवडा या तालुक्यांत पसरलेलं टिपेश्वर अभयारण्य आज वाघांमुळे प्रसिद्ध असलं तरी ते मुळात सागाचंच रान आहे. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत सागाची चौकट आणि सागाचं कवाड ही श्रीमंतीची खूण नव्हती. तरी हिशेब करून पाहा: जुन्या फळ्यांच्या कवाडाची रुंदी 75 सेंटिमीटर असेल आणि ते एक टक्का जरी फुगलं, तर साडेसात मिलिमीटर झाले. सुताराच्या भाषेत दोन सुतांपेक्षा जास्त. (इंचाचे आठ सूत, एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडं अधिक.) दार आणि चौकट यांच्यात फट ठेवतात तीच मुळी एक-दीड सुताची. म्हणून चांगले कारागीर दाराची कडेची चौकट वेगळी करतात आणि मधली फळी तिच्या खाचेत मोकळी, गोंद न लावता बसवतात. फळीला फुगायला आतल्या आत जागा मिळते, बाहेरचं माप हलत नाही. अशा दाराच्या मधल्या फळीची कड फटीतून कोरी दिसली तर तिथे लांबी (पुट्टी) भरू नका. ती जागा लाकडाला श्वास घ्यायला ठेवलेली असते.

आता बसण्याचं. सागाचं वजन घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो. 80 सेंटिमीटर रुंद, 2 मीटर उंच आणि 35 मिलिमीटर जाड दार धरलं तर ते 36 किलोच्या आसपास भरतं. हे वजन दाराच्या मध्यावरून, म्हणजे बिजागऱ्यांपासून 40 सेंटिमीटरवरून खाली ओढतं. वरची आणि खालची बिजागरी यांच्यात 1.6 मीटर अंतर असेल, तर वरच्या बिजागरीला चौकटीतून बाहेर खेचणारं ओझं होतं नऊ किलोचं. खालची बिजागरी तेवढ्याच जोरानं चौकटीत दाबली जाते. म्हणून दार बसतं तेव्हा नेहमी वरची बिजागरी आधी सुटते आणि कडीच्या बाजूचा खालचा कोपरा फरशीला टेकतो. दाराच्या कडीला वीस किलोचं पोर लोंबकळून झोका घेतं तेव्हा या नऊ किलोंत आणखी दहाची भर पडते. घराघरांत हे होतं, आणि दोन-तीन वर्षांनी दोष पावसाला लागतो.

तेव्हा घरच्या घरी करायची परीक्षा अशी. दार अर्धं उघडा, कडीच्या बाजूनं उचला. वर गेलं तर बिजागरीत खेळ आहे. मग दार लावून चौकटीभोवतीची फट पाहा. कडीच्या बाजूला वर घट्ट आणि बिजागरीच्या बाजूला वर मोठी फट, असं असेल तर दार बसलं आहे. कडीच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत सारखंच घट्ट असेल, आणि उचलून हलत नसेल, तर फुगलं आहे. दोन्ही एकत्रही असतं, पण इलाज नेहमी बसण्यापासून सुरू करायचा.

आमच्या दाराचं काकांनी काय केलं ते जवळून पाहिलं म्हणून सांगतो. आधी दाराखाली पाचर सरकवून त्याचं वजन तिच्यावर घेतलं. हे न करता स्क्रू काढले की दार लटकतं आणि खालच्या बिजागरीचं लाकूडही फाटतं. वरच्या बिजागरीचे तीन स्क्रू पेचकस न लावता बोटांनीच निघाले. भोकात लाकडाचा नुसता चुरा होता. "ठोकून बसवले होते," काका म्हणाले. स्क्रू हातोडीनं आत घालायचा आणि शेवटचे दोन आटे तेवढे पेचकसानं फिरवायचे, ही घाई सगळीकडे चालते. ठोकलेला स्क्रू आट्यांनी लाकूड धरत नाही, लाकडाचे तंतू तोडत आत जातो. त्यांनी बांबूची कांब चिरून दिव्याच्या वातीएवढ्या बारीक काड्या केल्या, फेविकॉलमध्ये बुडवल्या आणि भोकात एकामागून एक ठोकून दाटल्या. वर आलेली टोकं पटाशीनं साफ केली. मग मधोमध स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडलं, नवा स्क्रू कपड्याच्या साबणावर एकदा घासला आणि पहिल्या आट्यापासून शेवटपर्यंत हातानं पिळून बसवला. नवे स्क्रू आधीच्यापेक्षा अर्धा इंच लांब होते, म्हणजे ते चौकटीच्या न दुखावलेल्या लाकडात पोचले. जाताना एवढंच म्हणाले, "आज रातच्याला दार आपटू नका."

दुसरं दुखणं, म्हणजे खरंच फुगलेलं दार, याचा इलाज दोन ऋतूंत वाटून केला पाहिजे. दार सर्वांत मोठं असतं ते भर पावसाळ्यात, म्हणून किती घासायचं ते ठरवण्याची वेळ तीच. दार आणि चौकट यांच्यामध्ये जुना कार्बन पेपर धरून दार लावा, उघडा. जिथे घासतं तिथे निळा-काळा डाग उमटतो. पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा. रंधा मात्र मार्गशीर्ष-पौषात मारावा, त्या रेघेपर्यंत आणि पुढे नाही. कारण घासलेली कड उघडी पडते, आणि तिला त्याच दिवशी पॉलिश किंवा रंग लागला नाही तर ती आधीपेक्षा जास्त पाणी पिते. पावसाळ्यात ओल्या लाकडावर लावलेला रंग धरत नाही. बहुतेक घरांत दाराची वरची आणि खालची कड जन्मापासून कोरी असते, कारण ती दिसत नाही. धांड्यांच्या पेंडीची तोंडं तिथेच उघडी असतात. दार एकदा उतरवलंच आहे तर या दोन्ही कडांना दोन हात रंग द्यावा. इतक्या कमी पैशांत इतका उपयोग होणारं दुसरं काम मला माहीत नाही.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडायची नाही. ती म्हणजे कूलरची खिडकी. विदर्भात उन्हाळ्याचे तीन महिने कूलर चालतो, त्याच्या ताट्यांवरून पाणी सतत ठिबकतं आणि खिडकीच्या चौकटीचं खालचं लाकूड रात्रंदिवस ओलं राहतं. बाहेर सगळं लाकूड आकसत असताना ही एक चौकट मे महिन्यात फुगलेली असते. चार-पाच उन्हाळ्यांनी तिच्यात नख रुतायला लागतं. कूलर काढल्यावर पावसाळा लागायच्या आत ती चौकट आठ दिवस उघडी वाळू द्यावी आणि पेचकसाच्या टोकानं टोचून पाहावी. टोक सहज आत गेलं तर तेवढा तुकडा तिरका कापून नवा सांधता येतो. वर लांबी थापून रंग दिला तर आतली ओल कोंडते आणि पुढच्या वर्षी दुप्पट कापावं लागतं.

खुर्च्या-टेबलांबद्दल थोडक्यात. हलणारी खुर्ची म्हणजे सैल झालेलं कुसू. एका लाकडाचं निमुळतं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवतात, त्या टोकाला कुसू म्हणतात. जुन्या खुर्च्यांत ते सरसानं चिकटवलेलं असे. फेविकॉल 1959 मध्ये बाजारात आलं आणि सरस उकळत ठेवण्याची कटकट गेली. पण फेविकॉलची एक खोड लक्षात ठेवावी: ते वाळलेल्या फेविकॉलवर नीट चिकटत नाही, त्याला कोरं लाकूड लागतं. म्हणून सांध्यात वरून नवं ओतून काही होत नाही. सांधा सोडवायचा, जुना थर पटाशीनं खरवडायचा, मग लावायचं आणि रात्रभर आवळून ठेवायचं. आवळायला शिकंजा नसला तर चारही पायांभोवती दोर गुंडाळून त्यात काठी अडकवावी आणि पीळ द्यावा. कापसाचा बोजा बांधणाऱ्या गावाला हे शिकवायला नको. सांध्यात खिळा मात्र कधीही मारू नये. खिळ्यानं कुसू चिरतं आणि सांधणाऱ्याला उद्या तिथे लाकूडच उरत नाही. कडक झालेल्या खणाला मेणबत्ती घासावी, काम झालं. पार्टिकल बोर्डाच्या कपाटाची निखळलेली बिजागरी मात्र त्याच जागी पुन्हा बसत नाही. तिथे चुऱ्याचा दाबून केलेला तक्ता असतो, धरायला तंतूच नसतात. बिजागरी इंचभर वर किंवा खाली सरकवून घ्यावी, नाहीतर तेवढ्यापुरता प्लायचा तुकडा आतून जोडावा.

लाकडाला कीड लागली की सगळे वाळवी म्हणतात, तिथेही आधी ओळख हवी. चौकटीवर मातीची नळी चढलेली दिसली तर वाळवी, आणि ती जमिनीतून येते. नळी झाडून टाकली तर ती आठवड्यात पुन्हा बांधते. इलाज भिंतीच्या पायाशी करावा लागतो. लाकडाखाली पिठासारखा भुसा पडत असेल तर घूण, आणि तो लाकडाच्या आतच असतो. सागाचा तांबूस गाभा वाळवी सहसा सोडून देते, कडेचा पांढरा भाग आधी खाते. म्हणून सागवान घेताना नुसतं "सागच आहे ना" असं विचारून थांबू नये, पांढरं किती आहे ते पाहावं.

आता प्रश्न उरतो तो माणसाचा. "एवढ्याशा कामाला कोणी येत नाही," ही तक्रार घाटंजीत रोज ऐकू येते. आणि कोणी आलंच तर, "चार स्क्रूंचे एवढे पैसे?" हे दुसरं वाक्य. या दोन वाक्यांचं मूळ एकच आहे असं मला वाटतं, आणि ते बरंच जुनं आहे. सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या 'गावगाडा' या पुस्तकात ही व्यवस्था तपशिलानं आली आहे. शेतकऱ्याच्या अवजारांची वर्षभराची डागडुजी सुतारानं करायची आणि खळ्यावर धान्याचं बलुतं घ्यायचं. नवी गाडी, नवं घर यांचा हिशेब वेगळा. म्हणजे वखराचं रुमणं बदलताना किंवा तिफणीला पाचर मारताना कुणी पैसे मोजत नसे. ते फुकट होतं म्हणून नव्हे, वर्षाचं धान्य ठरलेलं होतं म्हणून. धान्य देणं बंद झालं. बारीक कामाला पैसे कसले, ही समजूत मात्र आपल्यापाशी राहिली. त्या बलुत्यात मान-अपमान आणि जातीचं जोखडही होतं, ते परत यावं असं कुणी म्हणणार नाही. पण त्यातली एक गोष्ट खरी होती: दुरुस्ती हे वर्षभराचं नातं होतं.

वाढईची बाजू पाहा. आज तो स्वयंपाकघराची कपाटं, पलंग, दुकानाचं फर्निचर अशी ठेक्याची कामं घेतो. तुमच्या एका बिजागरीसाठी त्याला चालू काम सोडून, हत्यारं बांधून गावाच्या दुसऱ्या टोकाला यावं लागतं. अर्धी रोजी तिथेच जाते. काम वीस मिनिटांचं असलं तरी गेलेला वेळ अर्ध्या दिवसाचा असतो, आणि दार उचलून पाहणारी नजर तीस वर्षांची. म्हणून मी एक पद्धत धरली आहे. फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला आहे. जे बिघडेल ते त्यावर लिहायचं: मागच्या दाराची कडी, आईच्या देव्हाऱ्याचा खण, खाटेचा ठावा. आठ-दहा कामं झाली की वाढईकाकांना पूर्ण दिवसाची रोजी सांगून बोलवायचं. बोलावताना "दार खराब झालं" असं न सांगता, लाकडाचं आहे की प्लायचं, कुठे घासतं, कधीपासून, हे सांगायचं. ते त्याप्रमाणे स्क्रू, बिजागरी, सागाचा तुकडा बरोबर आणतात आणि दुकानाची दुसरी फेरी वाचते. काम चालू असताना घरातल्या एकानं जवळ बसावं, पाणी-चहा द्यावा, विचारावं. मी जे काही इथे लिहिलं त्यातलं बरंचसं असंच बसून ऐकलेलं आहे.

वेळही पाहावी लागते. मृगाच्या आधी वखर, डवरे, तिफणी यांची घाई असते. ट्रॅक्टर आले, अवजारं लोखंडी झाली, तरी ती घाई पुरती संपलेली नाही. चैत्र-वैशाखात लग्नाची घरं, दसरा-दिवाळीला रंगरंगोटी. कार्तिक सरला की वाढईला सवड असते, लाकूड कोरडं असतं, आणि पहिल्या वेच्याचा कापूस विकून घरात पैसाही आलेला असतो. पुढच्या पिढीच्या मनात या धंद्याविषयी काय आहे, हा वेगळा विषय. पण आज धंद्यात असलेल्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज 500 रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी 15,000 रुपये आणि पाच टक्के व्याजानं कर्ज अशी तिची तरतूद. तुमच्या ओळखीच्या वाढईला ती ठाऊक नसेल तर एवढं जरूर सांगा.

आमचं दार दुरुस्त झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात पोळा होता. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लेकरं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. नातवाचा नंदी माझ्या लहानपणीचा, सागाचा, चार चाकांचा. दाराच्या दुरुस्तीच्या दिवशी काका कड्याकोयंड्यांचं आवरत होते तेव्हा नातू तो नंदी घेऊन आला आणि काही न बोलता त्यांच्यासमोर धरला. पुढचा एक पाय गुडघ्यापाशी मोडला होता, आणि कुणीतरी, बहुतेक मीच, फार वर्षांपूर्वी त्यात खिळा मारला होता. काकांनी अंबुरानं तो गंजका खिळा हळूच काढला. तुटकी जागा सपाट केली, सागाच्या कपच्यातून नवा पाय कोरला, दोन्हीकडे बारीक भोक पाडून आत बांबूची खुंटी घातली आणि सुतळीनं आवळून बांधलं. नवं लाकूड जुन्याशेजारी फिकं दिसत होतं.

"याचा रंग निराळा हाये," नातू म्हणाला.

"दोन पोळे जाऊ दे बाप्पा, मिळून जाईल," काकांनी सांगितलं. मग चाकांच्या आसाला बोटानं एरंडीचं तेल लावलं, एकेक चाक फिरवून पाहिलं, आणि सुतळी उद्या सकाळी सोडायची असं त्याला दोनदा बजावलं.